इंदूकाकूंची मोरी

आमच्या कॉलनीत कुणी बाळंत झालं की लोक विचारायचे, मुलगा की मुलगी? इंदूकाकू विचारायच्या, "दूध येता मा?" बाळ गोरं की सावळं, नाक कुणावर गेलंय, ही चर्चा बाकीच्यांवर सोपवून त्या पिशवी उचलायच्या आणि नाशिक रोडच्या मासळी बाजाराची वाट धरायच्या. दुपारपर्यंत बाळंतिणीच्या उशाशी मोरीच्या कालवणाचा डबा हजर! मोरी म्हणजे शार्कचीच लहान जात. कोकणात बाळंतिणीला दूध यावं म्हणून ती खाऊ घालतात, आणि काकू पडल्या मालवणच्या. काकांच्या नोकरीपायी नाशकात आल्या, पण जिभेचं आणि चुलीचं मालवण त्यांनी सोडलं नाही.

मी येवल्याची. मासा म्हणजे आमच्याकडे सुका बोंबील, तोही भाकरीसोबत तोंडी लावण्यापुरता. आणीबाणी उठली त्या वर्षी लग्न होऊन मी या कॉलनीत आले आणि पुढच्याच वर्षी प्रशांत झाला. काकूंनी डबा उघडला तशी मी पदर नाकाला लावला. काकू आमच्याशी नाशिकचं मराठी बोलायच्या; मालवणी सुटायचं ते राग आला किंवा जीव कळवळला तरच. त्या दिवशी शांतपणे म्हणाल्या, "नाक धर आणि गीळ. पोर तुझ्या नाकावर नाही वाढणार, दुधावर वाढणार." मी गिळलं. मिरी, लसूण, भाजलेलं खोबरं... दुसऱ्या वाटीला मी नाक धरलं नाही आणि तिसरी वाटी मागून घेतली. माळकरी घरांत त्या अळिवाचे लाडू द्यायच्या, पण चेहरा असा, जणू रोग्याला अर्धीच गोळी दिली आहे.

हा सगळा अट्टहास कशासाठी, ते एकदा मोरीची खरखरीत कातडी गरम पाण्यात घासता घासता त्यांनीच सांगितलं. नाशकात नवीन आल्या तेव्हा त्यांना पहिला मुलगा, त्यांच्या भाषेत झील, झाला होता. जवळ सासू नाही, आई नाही, ओळखीचं कुणी नाही. दूध आलंच नाही, आणि बारशाच्या आत मूल गेलं. "गावाला असते तर आईने मोरी घातली असती," एवढंच म्हणून त्यांनी कातडीवर पुन्हा पाणी ओतलं. त्यानंतर कॉलनीतल्या एकाही बाळंतिणीला त्यांनी मोरीवाचून राहू दिलं नाही.

पुढे ऐंशीनंतर त्यांची मुलगी सुनंदा बाळंतपणाला माहेरी आली. आधी दोनदा तिचं हातातोंडाशी आलेलं गेलं होतं, म्हणून पाचव्या महिन्यातच आणून ठेवली. काकूंना कसला धीर! बाळंत व्हायची वाट न बघता त्यांनी तेव्हापासूनच एक दिवसाआड मोरी सुरू केली. तपासणीच्या वेळी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सुनंदाला विचारलं, काय काय खातेस? काकूंनीच मोठ्या अभिमानाने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मोरी बंद करा, काकू. तिच्यात पारा असतो."

"थर्मामीटरातला?"

"त्याचाच भाऊबंद. पाण्यातला पारा बारक्या माशांत जातो, बारक्यांना मोठे खातात, मोठ्यांना मोरी खाते. सगळ्यांचा पारा शेवटी तिच्यात साठतो."

"मी हळद-मीठ चोळून चार पाण्यांनी धुते."

"धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही."

काकूंचा मालवणी बांध फुटला. "आमच्यो सात पिढ्यो मोरीर वाढल्यो! तेवा खंय गेल्लो तुमचो पारो?"

मी सोबत होते. मला वाटलं, आता दोघींची जुंपणार. पण डॉक्टरीणबाई आवाज न चढवता सांगत राहिल्या. जपानात एका खाडीत कारखान्याचं पाणी सोडत होते. काठावरची माणसं रोज तिथलेच मासे खायची. कुणाचे हात थरथरू लागले, कुणाला नीट चालता येईना. आणि काही आया अगदी धडधाकट होत्या, पण त्यांच्या पोटची मुलं मात्र अधू जन्मली. "आईकडे बघून कळत नाही, काकू. ते सगळं बाळाकडे जातं."



दुसऱ्या दिवशी त्या सुई-दोरा घेऊन कॉलनीत फिरू लागल्या. ज्या ज्या घरी डबा गेला होता, त्या त्या घरातलं पोर समोर उभं करायच्या. हात पुढे कर. सुईत दोरा ओव. आता या फरशीच्या रेघेवरून चालून दाखव. पोरांची करमणूक झाली. बायका म्हणाल्या, काकू शिवणाचा क्लास काढतायत वाटतं. मला मात्र हसू येईना.

आमच्या प्रशांतने दोरा पहिल्या झटक्यात ओवला. तरी काकू त्याच्याकडे बघत बसल्या. "हा उशिरा बोलला ना गं?"

"आता गप्प बसायचं काय घेशील, असं विचारायची वेळ येते," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "मियां काय केलंय गो बाय ह्यां!" म्हणाल्या आणि पदरात तोंड लपवून रडल्या. मला डॉक्टरीणबाईंचा असा राग आला! काकूंचा हात धरून मी त्यांना सरळ दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई खुर्ची सोडून काकूंच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. "बाळंतपणातले दोन-चार डबे वेगळे आणि वर्षानुवर्षं रोज तेच खाणं वेगळं. मुलं तुम्ही स्वतः पाहिलीत, छान आहेत. पण कुणाला काहीच झालं नाही असं छातीवर हात ठेवून सांगा म्हणालात, तर मला सांगता येणार नाही. म्हणून सुनंदाला नको म्हणते. छोटे मासे घाला खुशाल."

गोड थाप मारली असती तर काकूंनी ती ओळखली असती. या बोलण्यावर त्यांनी मान डोलावली, आणि मोरी बंद झाली. बाजारातला रशीदभाई हाका मारायचा, "काकू, मोरी आयी है! तुमच्यासाठी बाजूला ठेवली." काकू म्हणायच्या, "दुसऱ्याला दे. आणि हे बघ, कुणी पोटुशी आली तर तिला देऊ नकोस." रशीदभाई कपाळावर हात मारायचा, "काकू, धंदा करू का नको?"

सुनंदाला मुलगी झाली. अंगापिंडाने चांगली, पण दूध उतरेना. एक दिवस गेला, दुसरा गेला. पोर रडून रडून लाल व्हायची. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, धीर धरा, बाळाला पुनःपुन्हा छातीशी घ्या. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एकदम उठल्या, पिशवी घेतली आणि चालू लागल्या. सुनंदाने मला डोळ्यांनीच खुणावलं, तशी मी मागे धावले.

रशीदभाईच्या फळीवर मोरी होती. काकू तिच्यासमोर उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकं आली, घासाघीस करून गेली, काकू तिथेच. शेवटी त्यांनी शेजारच्या बारक्या माशांच्या टोपलीकडे बोट दाखवलं आणि मांदेली घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध आलं. भरपूर आलं. पोर पिऊन पिऊन तिथेच झोपली. मी स्वयंपाकघरात धावत गेले. काकू मांदेली निवडत होत्या.

"काकू, दूध आलं! मोरीशिवाय आलं!"

मला वाटलं होतं, उठून मला मिठी मारतील. त्यांचे हात मात्र पाण्यातच राहिले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मगे माझो झील कित्याक गेलो गो?"

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. मीही पाण्यात हात घालून मांदेली निवडू लागले. मग त्या हळूच म्हणाल्या, "वसंत नाव ठेवचा होता."