चौतीस पूर्ण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सलीमभाईलाही नाही — आणि सलीमभाईला तर मी माझ्या साखरेचे रिपोर्टसुद्धा वाचून दाखवतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर चुकीचं ओळखता.

कर्जत स्टेशनच्या अलीकडे माझं ट्रॅव्हल्सचं दुकान आहे. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो दिसतो. परक्या डोंगरात उभारलेला मांडव — गुलाबी-पिवळा, सोनेरी झालरीचा, आपल्याकडे लग्नात असतो अगदी तसलाच — आणि त्याखाली भूकंपात घरं गेलेल्या माणसांची पंगत. मधोमध आखूड लुगड्यातली एक बाई हातात पळी घेऊन उभी आहे. फोटोखाली नाव मात्र माझं. गिऱ्हाईक विचारतं, "ही सेवा तुमचीच ना?" मी मान डोलावतो. इतकी वर्षं डोलावतोय की आता मानेला सवयच झालीय.

फोटो खरा आहे, बरं का. मांडव खरा, पंगत खरी, आणि बाई तर शंभर नंबरी खरी. त्यात खोटं आहे ते फक्त खालचं नाव.

ती बाई म्हणजे बुधीबाई. ठाकुरवाडीची. पावसाळ्यात रानभाज्या घेऊन कर्जतच्या बाजारात बसायची, तिथून मी तिला सहलींवर भाकऱ्या थापायला नेऊ लागलो. आपली माणसं काशीला जावोत की काश्मीरला, जेवायला त्यांना पिठलं-भातच लागतो. म्हणून आमच्यासारखे सहलवाले स्वयंपाकघर बरोबर घेऊन फिरतात — शेगड्या, पातेली, शिधा, सगळं. त्या वर्षीच्या नेपाळच्या सहलीत आमच्या आचाऱ्याला गोरखपूरलाच ताप भरला. त्याला परत पाठवलं. चौतीस माणसांचं दोन वेळचं जेवण एकट्या बुधीबाईवर आलं, आणि तिने हूं की चूं केलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी — माझ्या नंबरांची. माझ्या सहलीत प्रत्येक प्रवाशाला पहिल्या दिवशी नंबर मिळतो. गाडी सुटण्याआधी ज्याने त्याने आपापला नंबर ओरडायचा. एक, दोन, तीन... शेवटच्याने ओरडलं की मी म्हणणार, "चौतीस पूर्ण, चला!" फार मिरवायचो मी त्यावर. आमच्या गाडीतून माणूस हरवत नाही, असं जाहिरातीतही छापायचो.

नंबर फक्त प्रवाशांना होते. भाकरी थापणाऱ्या बाईला कशाला हवा नंबर?

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. तरी मला बोलू द्या.

डोंगरातल्या एका गावी आम्ही जेवायला थांबलो होतो. धर्मशाळेच्या अंगणात शेगड्या पेटल्या होत्या. आणि जमीन हलली. ते कसं असतं ते मी रंगवून सांगणार नाही, व्यासपीठावर पुष्कळ वेळा सांगून झालंय. एवढंच सांगतो की समोरची दोन घरं बसली, आणि आमची माणसं मोकळ्या शेतात धावली म्हणून वाचली. कुणाला खरचटलं, कुणाची शुद्ध हरपली. पाणी, पाणी म्हणून सगळे ओरडायला लागले. मी बुधीबाईच्या हातात दोन कॅन दिले आणि खालच्या झऱ्याकडे बोट दाखवलं. मी पाठवलं तिला — दुसऱ्या कुणी नाही.

ती उतारावर दिसेनाशी झाली, तेवढ्यात बसचा ड्रायव्हर धावत आला. वरून दगड सुटतायत, आत्ता निघालो तर निघालो. सामानाची जीप तशीच उभी होती. तिचा ड्रायव्हर आपलं घर बघायला पळाला होता. माणसं बसमध्ये घुसली, नंबर सुरू झाले. रडत ओरडत का होईना, सगळे बोलले. तेहतीस. चौतीस. आणि मी दांडा धरून ओरडलो, "चौतीस पूर्ण, चला!"

विसरलो, असं वाटतंय ना तुम्हाला? मीही स्वतःला पुष्कळ दिवस तेच सांगत होतो. दुसऱ्या वळणावर आठवलं मला. स्पष्ट आठवलं — खाली झरा दिसत होता, आणि झऱ्यापाशी लाल लुगडं. मी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. आणि... काढून घेतला. मागच्या सीटवरच्या जोशीकाकूंनी विचारलं, "अहो, बुधीबाई?" मी म्हटलं, "ती जीपमधून येतेय मागून."

भ्यालो होतो मी. एवढंच. दुसरं काही नाही.

सरहद्दीवरच्या मदत छावणीत, मागे राहिलेल्यांची नावं लिहून घेत होते. मी टेबलापर्यंत गेलो आणि परत फिरलो. नाव लिहायचं म्हणजे कसं राहिलं तेही सांगायचं.

कर्जत स्टेशनवर काय गर्दी होती म्हणून सांगू! हार, पेढे, गळ्यात पडून रडणं. चौतीसच्या चौतीस सुखरूप! त्या गर्दीतून बुधीबाईचा नवरा लहू पुढे आला. हातात पिशवी, तिच्यासाठी आणलेल्या चपला त्यात. "शेठ, आमची कुठं हाय?"

जोशीकाकू माझ्याकडे बघत होत्या. आणि माझ्या तोंडून गेलं, "ती तिथेच आहे लहू. मीच थांबवलंय तिला. लोकांना जेवायला घालतेय ती. आपलं सगळं स्वयंपाकघर सोडून आलोय मी तिच्यापाशी."

जिवंत आहे की नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

लहूची छाती फुगली हो. डोळे पुसत म्हणाला, "मंग तिला काय लागंल तिकडं?"

माझ्या शेजारी सलीमभाई उभा होता. खोपोलीचा मंडप डेकोरेटर, माझा जुना दोस्त. तो म्हणाला, "लागंल ते देऊ. माझा मांडव काढतो मी."

आणि मग जे झालं, त्याची बरोबरी नाही. भूकंपानंतर आमच्या धंद्यात एरवी काय होतं? फोन वाजतात. सहल रद्द करा, बुकिंग परत द्या. त्या आठवड्यात माझा फोन वाजत होता तो वेगळ्याच कारणाने. सलीमभाईने ऐन लग्नसराईत आपला सगळ्यात मोठा मांडव ट्रकवर चढवला. ताडपत्र्या चौक गावच्या मंडपवाल्यांच्या, ब्लँकेटं फार्महाउसवाल्यांची, तांदूळ-डाळ केटरर्सची, जनरेटर साउंडवाल्याचा. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी ही माणसं, खांद्याला खांदा लावून ट्रक भरत होती! ट्रकवर कापड लावलं: बुधीबाईचं स्वयंपाकघर. सगळं माझ्या एका थापेवर उभं होतं. वाट दाखवायला अर्थात मीच हवा होतो.

त्या प्रवासात मला घास गेला नाही. सलीमभाईला वाटलं, मला तिची काळजी लागलीय. काळजी माझीच होती. ती जिवंत नसली तर काय, आणि असली तर काय?

शेवटच्या वळणावर आधी धूर दिसला. चुलीचा धूर. मग ते अंगण. आमच्या मोठ्या कायलीखाली दगडांची चूल, भोवती गावातल्या बायका, आणि मध्ये बुधीबाई — तिला त्यांची भाषा येत नाही, त्यांना तिची येत नाही, आणि सगळ्या तिच्या हुकमात! चौतीस माणसांचा शिधा तिने गावभर पुरवला होता. कसा? तिथल्या डोंगरात शिरून. कुठलं पान खायचं, कुठलं सोडायचं, हे त्या बायकांबरोबर हातवाऱ्यांनी ठरवून पातेलीच्या पातेली भाजी शिजवली होती. नऊ दिवस त्या गावात एकही माणूस उपाशी झोपला नव्हता. मी जी थाप मारली होती, ती या बाईने एकटीने खरी करून ठेवली होती. आणि ती थाप तिच्या कानावरही गेली नव्हती!

ती माझ्याजवळ आली. हळूच, मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "आलात, शेठ? पानी घेऊन वर आले, तवा गाडी नव्हती."

बस. मग वळून सलीमभाईला मोठ्याने, "मांडव तिकडं लाव रं दादा, वारा सोडून!" तासाभरात त्या पडक्या गावात सोनेरी झालर फडकायला लागली. म्हाताऱ्या बायका तिला हात लावून बघत होत्या. तो फोटो तेव्हाचा.

कर्जतला सत्कार झाला. शाल मला, साडी तिला. मी माईकवर म्हणालो, "मी बुधीबाईंना सांगितलं, तुम्ही थांबा, या लोकांना तुमची गरज आहे." टाळ्या पडल्या. ती पहिल्या रांगेत बसली होती. माझ्याकडे बघत होती, डोळे न हलवता. मी पुढचं वाक्यही म्हणालो. थांबलो नाही.

तिला तिथे टाकून येणं एक वेळ... नाही, तेही नाही. पण हे तर मी शाल पांघरून, तिच्या समोर केलं.

त्यानंतर ती माझ्याकडे कामाला आली नाही. वाडीतल्या बायका जमवल्या आणि स्वतःचं काम सुरू केलं. आज कर्जत-खालापूरच्या फार्महाउसवर थाटाचं लग्न असलं की तांदळाच्या भाकऱ्या आणि रानभाज्या बुधीबाईच्याच. मोठमोठे केटरर्स आधी तिला तारीख विचारतात, मग स्वतःची सांगतात. दोन टेंपो आहेत तिचे. मला याचा आनंद होतो असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण होतो.

मागच्या महिन्यात लोधिवलीला लग्न होतं. मांडव सलीमभाईचा, जेवण तिचं, पाहुण्यांच्या बसेस माझ्या. दुपारी सगळं उरकलं आणि माझी गाडी सुरू होईना. ती म्हणाली, "टेंपोत बसा, शेठ. कर्जतलाच चाललोय." मी म्हटलं, आलोच, आणि फार्महाउसच्या चाव्या द्यायला आत गेलो. मालक बोलत बसला. उशीर झाला, बराच.

परत आलो तेव्हा लांबूनच त्यांचे नंबर ऐकू आले. तिच्या टेंपोत भांडी घासणाऱ्या बाईपासून नंबर सुरू होतात. एक, दोन, तीन... बाविसावा तिचा स्वतःचा. बायका कुरकुरत होत्या, झालं ना गं सगळं, चल ना. ड्रायव्हरने इंजिन सुरूही केलं होतं. आणि बुधीबाई टेंपोच्या पुढ्यात, रस्त्यात उभी होती.

"एक कमी हाय," ती म्हणाली. "गाडी नाय हलायची."

मी मागे चढलो. बायकांनी सरकून जागा दिली. ती माझ्याकडे बघत होती, तशीच, डोळे न हलवता.

"नंबर बोला, शेठ."

"तेवीस," मी म्हणालो.