मायनं सांगितलेली पत्रं

चौकात टीव्हीवरच्या एखाद्या खुनावरून फाशीचा वाद सुरू झाला की लोक मला मध्ये ओढतात. "सर, तुम्ही शिकेल माणूस, तुम्हीच सांगा. फाशी पायजे का नाई?" मी चहा अर्धा टाकून उठतो.

आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. खोटं कशाला बोलू? वर्ध्याहून निकाल घेऊन आलो, त्याच महिन्यात शेजारच्या गावात नवरा-बायकोचा खून झाला. पोलिसांनी माझ्या शाळासोबत्याला उचललं. सातवीत शाळा सोडून तो गवंडीकाम करायचा. जमादार म्हणाले, "पंच शिकेल पायजे." जीपच्या बॉनेटवर पंचनाम्याचा कागद ठेवला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली कुऱ्हाड आधीच जीपमध्ये होती. मी न वाचता सही केली. खाली बी.ए. लिहिलं.

कोर्टात वकिलानं विचारलं, "कुऱ्हाड आरोपीच्या गोठ्यातून तुमच्यासमोर निघाली?" मागच्या बाकावर माझा बाप बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून, पोरगा साहेबासमोर बोलणार म्हणून. न वाचता सही केली, हे त्याच्यादेखत तोंडातून निघेना. मी "हो" म्हणालो.

सोबत्याला फाशीची शिक्षा झाली.

त्याच्या मायला लिहिता येत नव्हतं. तुरुंगात पोराला पत्र लिहून घ्यायला ती माझ्याकडेच यायची. "तू पायलं ते सांगितलं बापू, तुह्यावर राग नाई. कोणंतरी आणून ठेवली असन ते कुऱ्हाड. आता लिही. बकरीले दोन पिल्ले झाले. अन् लिही, पोटभर खाजो, तिथं नखरे नको करजो." मग हळूच, "त्याले खरंच लटकवतीन का रे?"

"केस वर गेली माय, अजून वेळ हाय."

दर वेळी ठरवायचो, आज सांगून टाकू. सहा वर्षं ठरवत राहिलो. मग ती गेली.

पुढच्या वर्षी वरच्या कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. कुऱ्हाडीवरचं रक्त माणसाचं होतं, हेच सिद्ध झालं नव्हतं. तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. डोकं पार पिकलं होतं. मी सगळं सांगितलं. मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला.

"हे तरी मायच बोलली होती ना? का हेबी तुह्याच मनचं?"

"आईशपथ, एक शब्द माझा नाई."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. खरंखोटं विचारायला फक्त माय होती, आणि ती आता नव्हती.

"सात वर्षं याच्यावर जगलो बे मी," तो म्हणाला आणि पिशवीला गाठ मारली.