गुलबीबीचा मार

दुबईजवळच्या अजमानच्या कॉर्निशवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, शनिवारी संध्याकाळी अलीमियाँच्या बाहुल्यांच्या खेळाला पोरांची नुसती झुंबड. दिवसभर एसी दुरुस्त करत फिरणारे हे रत्नागिरीकडचे गृहस्थ. मामाकडून उरुसात शिकलेला खेळ त्यांनी इथे आणला, समुद्रकाठच्या एका हॉटेलाच्या अंगणात पडदा बांधला आणि नाव कमावलं. खेळ तरी कसला? सालनात मीठ कमी पडलं म्हणून ढब्बूमियाँ आपल्या बायकोला, गुलबीबीला, दांडक्याने बडवतो. झालं! खरी करामत होती एका शब्दात. प्रत्येक फटक्याला गुलबीबी किंचाळायची, “खलास!” अरबी पोरांना वाटायचं, ती ‘बस कर’ म्हणतेय, आपल्या पोरांना वाटायचं, बाई मेली. दोन्हीकडची पोरं हसून गडाबडा लोळायची.

त्या शनिवारी मात्र अलीमियाँचं चित्त ठिकाणावर नव्हतं. लेक फिरदोस माहेरी येऊन राहिली होती आणि जावई फहद तिला खेळ संपला की अल नहदाच्या घरी परत नेणार होता. दाराची बेल वाजली तरी ही दचकायची. मनगट सुजलेलं. विचारलं तर, “काही नाही अब्बा, बाथरूममध्ये घसरले.” एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग त्यांनीच विचारायचं सोडलं. बायकोने, मैमुनाबीने, बजावलंच होतं, “तिचा इथला व्हिसा नवऱ्याच्या हातात आहे. उगाच खोदत बसू नका. नवरा-बायकोत चालायचंच.” धाडावी की ठेवून घ्यावी? पडद्यामागून ते सारखे पार्किंगकडे बघत होते. त्या नादात ढब्बूची टोपी दोनदा पडली.

खेळ सुरू झाला. पुढच्याच रांगेत फिरदोस आणि तिची चिमुरडी माहनूर. दांडकं पडलं. “खलास!” गुलबीबी किंचाळली आणि हशा उसळला. माहनूर तडक उठून पडद्याशी आली.

“नाना, नॉट लाउड! शी हॅज टू से इट सॉफ्टली. मम्मी सेज इट सॉफ्टली, देन बाबा स्टॉप्स.”

लोक आणखीच हसले. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच विनोद. अलीमियाँना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. दांडकं वरच्या वर राहिलं. फटीतून पाहिलं, तर फिरदोस मान खाली घालून बसलेली आणि मागून फहद किल्ली फिरवत येतोय.

“यल्ला, चल फिरदोस, गाडी डबल पार्क केलीय.”

अलीमियाँ पडदा सारून बाहेर आले. हातात ढब्बू तसाच.

“फिरदोस येत नाही.”

“अब्बा, काय हे!” फहद म्हणाला. “लोक बघतायत.”

“बघू देत की! इतकी वर्षं मी त्यांना हेच तर दाखवतोय.”

फहदचा चेहरा पडला. “व्हिसा माझ्याकडे आहे, बघतो मी,” असं पुटपुटत तो पाय आपटत गाडीकडे गेला. समोरची पोरं अजून टाळ्या पिटत होती.

अलीमियाँना वाटलं, आता पोर गळ्यात पडून रडेल. फिरदोस उठली. माहनूरला कडेवर घेतलं आणि बापाच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “अब्बा, इतके दिवस तुम्हाला दिसत नव्हतं?”

“दिसत होतं गो बाय.”

“मग?”