वहिनींचे एकटे कप

लोधिवलीला जुन्या हायवेवर वहिनींचं चहाचं हॉटेल आहे. तिथं रोज संध्याकाळी बसायची सवय लागली की किस्से आपोआप साठतात. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा मध्येच तोंड घालतो! आमचं टोळकं तिघांचं. मी कुंभिवलीच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, बबन कडावहून दुधाचा टेंपो घेऊन येतो आणि दाऊदचाचा आयुष्यभर ट्रक चालवून आता निवांत झालेत.

या हॉटेलात दोन कप सारखे सापडायचे नाहीत. सेटमधले बाकीचे फुटून एकटे उरलेले कप वहिनी कर्जतच्या बाजारातून हुडकून आणतात. एकदा मी म्हटलं, "वहिनी, एखादा सहाचा सेट घ्या की!"

"सेट समद्यांच्या घरात आसतो रं. मंग हितं कशाला येशील?"

मी आपला कप पुढे केला.

*

एका कपाच्या तळाशी चिनीमातीचा बेडूक बसलाय. चहा संपत आला की डोकं वर काढतो. तोंड वाकडं करून येणाऱ्याला हमखास हाच कप! एकदा फार्महाउसवाले एक साहेब फोनवर कुणावर तरी खेकसतच आत आले. वहिनींनी गुपचूप बेडूक पुढे सरकवला. चार-पाच घोट गेले आणि साहेब "आई गं!" करून बाकावरून उठलेच! फोनमधून "सर? सर?" चाललेलं. साहेबांनी कपात पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटले. मग फोनवर म्हणाले, "जाऊ दे रे. घे तू सुट्टी!"

*

बबनची मिशी म्हणजे आमच्या भागाची शान. त्याच्यासाठी वहिनींनी एक अजब कप शोधला. त्याच्या तोंडाशी आतून एक पट्टी आहे. मिशी पट्टीवर टेकते आणि चहा खालच्या फटीतून येतो.

"वयनी, कपाला पडवी कशाला काढलीय?"

"तुजी मिशी टेकायला रं!"

तेव्हापासून बबननं दुसऱ्या कपाला ओठ लावला नाही. पुतणीच्या लग्नाआधी बायको मागे लागली, मिशी काढा, म्हातारे दिसता. बबन म्हणाला, "काढतो गं. पन मंग त्या कपाचं काय करायचं?"

*

सगळ्यांत देखणा कप चाचांचा. काठ सोनेरी, अंग पातळ, बशीत गुलाब. चाचा चहा बशीत ओतायचे आणि गुलाब दिसेपर्यंत फुरके मारायचे. एका बाईंना तो विकत हवा होता. वहिनी म्हणाल्या, "तो चाचांचा हाय, त्यानला इचारा."

चाचा गंभीरपणे म्हणाले, "घेऊन जा बाय. पन मला बी संगती न्यावं लागंल!"

*

पुढे चाचांच्या हाताला कंप सुटला. कप बशीत वाजायला लागला. एक दिवस सगळा चहा शेजारच्या गिऱ्हाइकाच्या शर्टावर! तो बिचारा शर्ट झटकून हसला, पण दुसऱ्या दिवसापासून चाचा आलेच नाहीत. घरी बोलवायला गेलो, तर म्हणाले, "नको रं. चार लोकांत नको." फार वाईट वाटलं. त्यांच्याशिवाय बाक ओकाबोका दिसायचा.

बबन म्हणाला, "वयनी, चाचांना स्ट्रॉ देऊया का?"

"चाचा काय बारकं पोर हाय?" वहिनी कडाडल्या. दुसऱ्या दिवशी हॉटेल बंद ठेवून त्या कर्जतला गेल्या. हॉटेल बंद! आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

मग हुकूम आला, "चाचांना घेऊन या. नवीन माल बघायला बोलावलंय म्हनावं."

नुसता बघून जातो, असं म्हणत चाचा आले. वहिनींनी ट्रे आणला. जाडजूड निळे कप, प्रत्येकाला दोन बाजूंना दोन कान. आणि सगळे अगदी एकसारखे! चाचांना एक, मला एक, बबनला एक, पलीकडच्या ट्रकवाल्यांनाही एकेक.

"आजपास्नं हितं दोनी हातांनी प्यायचा," वहिनींनी जाहीर केलं.

चाचांनी आपल्या कपाकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांच्या कपांकडे.

"वयनी, तुमी सेट घेतला?"

"प्या चाचा. गार व्हतोय."

आम्ही सगळ्यांनी दोन्ही कान धरले. चाचांचा कप जरासा डुलला आणि ओठाला लागला. थेंबही सांडला नाही.

बबनची अख्खी मिशी चहात बुडाली होती. पुसायला त्यानं एकही हात सोडला नाही.