घमेल्यावरचं इंग्रजी
राजापेठेत कुठं स्लॅब पडत असला, की ओल्या सिमेंटच्या वासानं माझी गाडी आपोआप हळू होते. अशाच एका बांधकामावर छत्तीसगडहून मजुरीला आलेल्या बायांना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवायची. शाळेची पायरी कोणीच चढलेली नव्हती. एकटीला उभं केलं, की पदर तोंडात आणि आवाज बंद. बांधकामावरच्या ज्या खोलीत आमचा वर्ग भरायचा, ती ठेकेदाराला सिमेंटच्या पोत्यांसाठी हवी होती. एक दिवस तो दारातच उभा राहिला. "बाई, यायले काई येते का? येत नसन तं खोली खाली करा." मी एकीला उठवलं, तिचा पदर तोंडात गेला. दुसरीचाही. ठेकेदार हसला. तेवढ्यात त्यांच्यातली म्हातारी उठली, कोपऱ्यातलं रिकामं घमेलं उचललं आणि म्हणाली, "चलो, लाइन लगाओ." स्लॅबच्या दिवशी काँक्रीट वर चढवायला लागते तशी भिंतीपासून दारापर्यंत रांग लागली. घमेलं हातोहात निघालं आणि त्याच्याबरोबर फळ्यावरचा एकेक शब्द, वॉटर, डोअर, डॉक्टर, डेंजर, कुठंही न अडता पुढं सरकला. शेवटी ते सर्वांत लाजाळू पोरीकडं आलं. तिच्यापुढं आता फक्त ठेकेदार होता. तिनं घमेलं त्याच्याच हातात दिलं आणि "माय नेम इज" म्हणून आपलं नाव असं ठणकावून सांगितलं, की बाहेर परांचीवरचे गवंडी वळून बघू लागले. दुसऱ्या दिवशी पोती जिन्याखाली गेली. आता काँक्रीट पाइपानं वर चढतं, तशा रांगा दिसत नाहीत. पण नवा वर्ग सुरू करताना मी एक वेळ खडू विसरेन, घमेलं विसरत नाही.