त्याच्या इंजिनाला टर्बो

जुन्या, एका सिलिंडरच्या मोटरसायकलला टर्बो बसत नाही, हे मी सहा वर्षं कागदावर सिद्ध करत होतो. माझ्या मित्रानं तो चार महिन्यांत बसवला. हे लिहितानाही मला आनंद होत नाही, तेव्हा त्या वेळी झाला असेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

आम्ही दोघं एकाच कारखान्याच्या टूलरूममध्ये होतो. मी डिप्लोमावाला, लेथवर. तो विश्रांतवाडीच्या पलीकडच्या शेतकरी घरातला, दहावीनंतर थेट फिटर झालेला. त्यांची बरीच जमीन बिल्डरकडे गेली होती, तरी ओढ्याकाठचा एक तुकडा त्याच्या आईनं हट्टानं राखला होता. पत्र्याची शेड, हवी ती हत्यारं, मोकळा वेळ, सगळं त्याच्याकडे. माझ्याकडे येरवड्यातल्या फ्लॅटची बाल्कनी, आणि तिथे जुनं इंजिन ठेवलं म्हणून कपडे वाळत घालताना बायकोचे रोजचे टोमणे.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून ताकद वाढते. माझं घोडं पेंड खात होतं ते तेलापाशी. त्या पंख्याच्या दांड्याला सतत तेल लागतं आणि ते परत इंजिनात यावं लागतं. मी टर्बो खाली, पायाशी काढला होता, कारण चित्रात तो तिथेच शोभून दिसायचा. मग तेल वर चढवायला वेगळा पंप हवा, पंपाला जागा नाही, जागा केली तर साखळी आड येते. वहीची पानं मात्र भरत होती.

एका रविवारी त्याच्या शेडमध्ये गेलो, तर भंगारातल्या डिझेल गाडीचा टर्बो त्यानं टाकीखाली, इंजिनाच्या वरच्या अंगाला तारेनं बांधून बघितला होता.

"अरे, पण तेलाचं काय?" मी विचारलं.

"त्याला काय हुतंय? वरनं खाली येतंय की. पाटाचं पाणी खाली आणाय कुणी मोटर लावतं का गड्या?"

मी हसलो आणि आतून जळून खाक झालो. सहा वर्षं मला जे सुचलं नाही, ते शेताला पाणी देणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या सुचलं होतं. वर त्यानं मलाच काम सांगितलं. जास्तीच्या हवेनं इंजिन आतून ठोके देऊन फुटू नये म्हणून सिलिंडरखाली जाड प्लेट घालून दाब कमी करायचा होता. ती अ‍ॅल्युमिनियमची प्लेट मी लेथवर काढून दिली, केसाचाही फरक न ठेवता. मुद्दाम वाकडी करून देता आली असती, पण हाताला तेवढी लाज होती.

दसऱ्याला गाडी पहिल्यांदा सुरू करायची ठरली. शेडसमोर त्याची भावकी जमली, टूलरूममधले चौघं आले. जो तो टाकीवर हात फिरवून त्याला शाबासकी देत होता. आमच्या फोरमननी वीस वर्षांत माझ्या कामाला "ठीक"च्या वर कधी जाऊ दिलं नव्हतं. ते त्याला म्हणाले, "तुम्ही नोकरी कशाला करता हो?" पुण्यात याहून मोठी पदवी मिळत नाही. माझ्या तोंडातला पेढा कडू झाला.

त्याच्या आईनं, म्हणजे आमच्या मावशींनी, गाडीला हळदीकुंकू वाहिलं, नारळ वाढवला आणि शेतातल्या झेंडूचा लांबलचक हार हँडलपासून टाकीवरून खाली सोडला. फुलं मुठीएवढी. दोरा तुटतो म्हणून मावशींनी ती बारीक बाइंडिंगच्या तारेत ओवली होती. टर्बोच्या तोंडाला अजून हवेची जाळी बसवलेली नव्हती, कारण उघड्या तोंडाची शिट्टी सगळ्यांना ऐकवायची त्याला हौस होती. हाराचं टोक त्या तोंडापासून चार बोटांवर लोंबत होतं.

ते मी पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. हात पुढे करून हार बाजूला सारायला काहीच लागलं नसतं. मी हात मागे बांधून उभा राहिलो. होऊ दे, म्हटलं, थोडं काहीतरी होऊ दे.

तेवढ्यात त्यानं मलाच पुढे ओढलं. "ह्याच्या प्लेटीबिगर हे झालंच नसतं. पयली किक ह्योच मारनार हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता तरी हार सरकवायचा होता. पण इतका वेळ बघून गप्प का राहिलास, असं कुणी विचारलं तर? कुणीही विचारलं नसतं. मी किक मारली.

इंजिन लागलं. त्यानं माझ्या हातावर हात ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पिळला, शिट्टी चढली, लोक ओरडले आणि हाराचं टोक आत गेलं. करकर वाजलं, इंजिन बंद पडलं. उघडून पाहिलं तर पंख्याची पाती मुडपून गेली होती, त्यात तार आणि केशरी चोथा.

"माझीच चूक," तो म्हणाला. "जाळी आधी लावाय पायजे हुती."

दोन महिन्यांत दुसरा टर्बो मिळवून त्यानं गाडी पळवलीसुद्धा. आळंदी रस्त्यानं ती शिट्टी मारत गेली की अजूनही माझ्या पोटात दुखतं. त्याचं काहीच बिघडलं नाही. बिघडलं ते मावशींचं. त्या दिवशी त्या आत जाऊन बसल्या, त्या सोनं द्यायलाही बाहेर आल्या नाहीत.

पुढल्या दसऱ्याला गेलो, तेव्हा शेडसमोर ट्रॅक्टर, ती मोटरसायकल आणि मावशींच्या सुनेची नवी स्कूटर धुऊन उभी होती. मावशींनी हार ओवले होते, दोऱ्यात, पण घातले नव्हते. मला पाहून त्यांनी परात माझ्यापुढे धरली.

"तूच घाल बाबा. तुझा हात चांगला हाय. माझ्या हाताला यश न्हाई."

मी परात घेतली. एकेक हार घालत सुनेच्या स्कूटरपाशी आलो, तशा त्या आपणहून दोन पावलं मागे सरकल्या.