ती धून टिलरींची होती

सुजाता मेश्राम अमेरिकेत डरहॅमच्या डायलिसिस सेंटरमध्ये नर्स होती. मॉरिसव्हिलहून ड्राइव्ह करून यायची. २००४ च्या उन्हाळ्यात तिच्याकडे एल्बर्ट टिलरी नावाचे म्हातारे पेशंट येऊ लागले. उभी हयात त्यांनी स्कूल बस चालवलेली. मशीनला जोडलं की डोळे मिटून पडायचे. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

एकदा टीव्हीवर गाडीची जाहिरात लागली. मागे कृष्णवर्णीय गायकांचं जुनं सोल गाणं वाजत होतं. टिलरींनी डोळे उघडले.

"ते ट्रम्पेट माझं आहे."

शेजारचा पेशंट हसला. "काहीही काय!"

सुजाताने मात्र विचारलं, "तुम्ही वाजवलंत?"

"वाजवलं दुसऱ्याने. धून मी बसवली, तरुण होतो तेव्हा. नोटेशन येत नव्हतं मला. प्रत्येक वादकासमोर उभं राहून तोंडाने म्हणून दाखवायचो. रेकॉर्डवर नाव आलं स्टुडिओच्या मालकाच्या भावाचं."

आणि त्यांनी आधी ट्रम्पेटची, मग सॅक्सोफोनची ओळ गुणगुणली. दोन्ही वेगळ्या, पण एकमेकींत चपखल बसणाऱ्या.

सुजाताला ते खरं वाटलं. नागपुरात तिचे बाबा भीमगीतांच्या पार्टीत कोरसला असत. कितीतरी चाली त्यांनी लावल्या. कॅसेटवर फोटो मात्र मुख्य गायकाचाच.

"अगं, पण प्रूफ काय?" तिचा नवरा बुद्धभूषण म्हणाला. तरी तिने गावातल्या रेडिओ स्टेशनला फोन केला. जुन्या गाण्यांचा कार्यक्रम करणारा माणूस सज्जन होता. म्हणाला, "त्या वेळचं दुसरं कुणी सांगेल का?"

टिलरींच्या माहितीत एकच जण जिवंत होता, ड्रम वाजवणारा. तो डेट्रॉइटला मुलीकडे होता. शोधाशोध करून सुजाताने नंबर मिळवला आणि टिलरी मशीनवर असतानाच फोन त्यांच्या कानाला लावला. टिलरींचा चेहरा उजळला. ते मोठ्याने म्हणाले, "अरे, मी एल्बर्ट!"

पलीकडून खरखरीत आवाज आला, तो सुजातालाही ऐकू गेला. "कोण एल्बर्ट?"

ड्रमवाल्याच्या मुलीने फोन घेतला. हल्ली बाबांना मीसुद्धा ओळखू येत नाही, म्हणाली. माफी मागितली.

टिलरींनी फोन परत दिला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. सुजाताने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मग तिने टेपरेकॉर्डर आणला. निदान आवाज तरी राहील. पण एव्हाना त्यांना दम पुरेना. दुसऱ्या ओळीला खोकल्याची उबळ यायची. "आज नको," ते म्हणायचे. थंडी सुरू झाली तेव्हा त्यांनी डायलिसिसच बंद करायचं ठरवलं. डॉक्टरांनी समजावलं, मुलीने समजावलं, सुजाताही रडवेली होऊन बोलली. टिलरींनी फक्त नकारार्थी मान हलवली. आठवडाभरात ते गेले.

अंत्यविधीला चर्चमध्ये पाद्रींनी सांगितलं की, एल्बर्टची बस कधी उशिरा आली नाही. कुणाला बोलायचंय का, असं विचारलं, तेव्हा सुजाता उभी राहिली. तिने स्टुडिओचं, धुनेचं, दुसऱ्याच्या नावाचं सगळं सांगितलं. लोक "आमेन" म्हणाले. पुढचा माणूस उठला आणि पुन्हा बसबद्दल बोलू लागला.

नंतर तिथेच जेवणाच्या वेळी टिलरींची मुलगी तिच्या हातात ताट देत म्हणाली, "छान बोललात. पण बाबांचं काय, त्यांना असं काहीतरी सांगायची सवयच होती."

सुजाताने तोंड उघडलं. पण पुरावा कुठून आणणार, आणि बापाच्या अंत्यविधीच्या दिवशीच मुलीशी वाद तरी कसा घालणार? "हो," ती म्हणाली आणि ताट घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली.